वाटणीचा कागद

काकांची उभी नोकरी महसूल खात्यात झाली. वारसनोंदी, फेरफार, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं यांतच त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त हाती घेतला आणि आता दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं तपासणं चालू आहे. मी दोन वर्षं अमेरिकेत, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला राहून परत आले, ती एका परक्या घराण्याची टिपणं घेऊन. भातशेतीवर गबर झालेल्या बॉल घराण्याची. वंशावळीचा छंद म्हणून काकांना ती दाखवायला गेले आणि दुपारभर आमचा वाद झाला. दोघंही आपापल्या जागी ठाम होतो. तो वाद आठवला तसा इथे मांडते आहे.

काका: आधी मूळ पुरुष सांग. तिथून सुरुवात करायची.

मी: एलायस बॉल. इंग्लंडातल्या डेव्हनचा. १६९८ मध्ये, बाविसाव्या वर्षी तो कॅरोलायनात उतरला, कारण तिथल्या नातलगांच्या जमिनीत त्याला वारसा मिळाला होता. कूपर नदीकाठची कमिंगटी ही ती जागा. पुढे घराण्याच्या फांद्या वाढल्या तशा वीसहून अधिक प्लँटेशन्स त्यांच्याकडे आल्या. पीक एकच, भात. घराण्याची भरभराट १८६५ पर्यंत, म्हणजे गुलामगिरी संपेपर्यंत टिकली.

काका: आणि वंशावळ छापलेली आहे?

मी: आहे. घराण्यातल्याच अ‍ॅन सायमन्स डीस यांचं १९०९ सालचं पुस्तक आहे. बॉल कुटुंबाच्या आणि कमिंगटीच्या आठवणी. कोण कुणाचा मुलगा, कुणाचं लग्न कुठे झालं, कोणतं घर कधी बांधलं, सगळं त्यात येतं.

काका: मग झालं की काम. घरातल्याच माणसाने, जाणत्यांच्या हयातीत लिहिलेलं पुस्तक. याहून चांगला आधार मिळत नाही.

मी: त्याच घराण्यातल्या एडवर्ड बॉल यांनी १९९८ मध्ये दुसरं पुस्तक लिहिलं. त्यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की १६९८ ते १८६५ या काळात या घराण्याने सुमारे ४,००० माणसं गुलाम म्हणून बाळगली. त्यांचे आज हयात असलेले वंशज ७५ हजार ते एक लाखाच्या घरात असतील, असा त्यांचा अंदाज आहे. ते त्यातल्या काही कुटुंबांना शोधत गेले, त्यांच्या ओसरीवर बसले आणि दोन्हीकडच्या वंशावळी एकाच पुस्तकात आणल्या. पहिलं पुस्तक अपुरं वाटतं ते त्यामुळे.

काका: इथे माझी हरकत आहे. कुलवृत्तान्त कुळाचा असतो. घरी राबणारी माणसं, गडी, कुळं यांच्याविषयी आदर हवा, त्यांच्यावर झालेला अन्याय मान्य करायला हवा. पण ती कुळाची माणसं नव्हेत. सगळ्यांना आत घेतलंस तर तो गावाचा इतिहास होईल. गावाचा इतिहास वाईट नाही. पण त्याला वंशावळ म्हणू नये.

मी: काका, गडी काम सोडून जाऊ शकतो. यांची तर मालमत्तेत नोंद होती. एक नोंद सांगते. एलायसचा मुलगा दुसरा एलायस. ३० जून १७५६ रोजी त्याने वहीत लिहून ठेवलं, की चार मुलगे आणि दोन मुली विकत घेतल्या, मिळून ६०० पौंडांना. सँचो वय ९, पीटर ७, ब्रूटस ७, हॅरी ६, बेलिंडा १० आणि प्रिसिला १०. वयं अंदाजाने लिहिली आहेत, असंही तो तिथेच सांगतो.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कागद मागितला आणि ती सहा नावं बोट ठेवून वाचली.

काका: सगळी नावं मालकाने ठेवलेली. आईबापांचं नाव कुठेच नाही.

मी: कुठेच नाही. सहा वर्षांचा हॅरी समुद्रापलीकडून एकटा आला आणि त्याची वंशावळ या ओळीपासून सुरू झाली.

काका: पण बाळ, मी नोंदी तपासणारा माणूस. एका खरेदीच्या ओळीवरून वंश कसा उभा करशील? पुढची साखळी कुठे आहे?

मी: साखळी मालकाच्याच दफ्तरात आहे. ही मंडळी हिशेबाला पक्की होती. दरवर्षी कुणाला किती कापड दिलं, कुणाला कांबळं दिलं याच्या याद्या आहेत. कुणाच्या पोटी कधी मूल जन्मलं, कोण कधी वारलं, तेही आहे. कांबळी घरटी द्यायची, म्हणून यादीत माणसंही घरटी मांडलेली असतात. त्या याद्यांमधून प्रिसिलाचं आयुष्य मिळतं. तिला दहा मुलं झाली आणि १८११ मध्ये ती वारली. तिच्यापासून पिढी-दर-पिढी खाली येत आजच्या माणसांपर्यंत पोचता येतं. तिची एक वंशज २००५ मध्ये सिएरा लिओनला जाऊन आली.

काका: सिएरा लिओनच कशावरून? आफ्रिकेचा किनारा केवढा मोठा!

मी: जहाजाच्या कागदांवरून. ‘हेअर’ नावाचं जहाज. मालक ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचे व्यापारी. जहाजाचे कागद न्यूयॉर्कच्या संग्रहात टिकले. सिएरा लिओनहून निघालेलं ते जहाज जून १७५६ मध्ये चार्ल्स्टनला लागलं आणि त्याच महिनाअखेरीस बॉलच्या वहीत ही नोंद पडली. त्या किनाऱ्यावरचे लोक भात पिकवण्यात मुरलेले. इकडच्या मळेवाल्यांना अशीच माणसं हवी असायची.

काका: म्हणजे जहाजाचे कागद आणि घेणाऱ्याची वही एकमेकांशी जुळतात. वारस तपासात मी यापेक्षा कच्च्या पुराव्यावर निकाल दिलेले पाहिले आहेत. साखळी मान्य.

मी: आता विक्रेता कोण ते ऐका. हेन्री लॉरेन्स. हे पुढे अमेरिकेच्या काँटिनेंटल काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांनी १७५० मध्ये लग्न केलं ते एलिनोर बॉलशी, म्हणजे या दुसऱ्या एलायसच्या बहिणीशी. विकणारा आणि घेणारा मेहुणे-मेहुणे. तुमच्या पद्धतीच्या वंशावळीत एलिनोरच्या नावापुढे काय लिहिलं असतं?

काका: ‘विवाहित’.

मी: आणि तिथे रेघ संपली असती.

काकांनी यावर काही उत्तर दिलं नाही. चष्मा पुसला आणि विषय पुढे नेला.

काका: मला एक सांग, त्या लोकांच्या वंशजांनी आपापली माहिती स्वतंत्रपणे का शोधू नये? मालकाच्या घराण्यात शिरायची गरज काय? तिकडे खानेसुमारी व्यवस्थित होत होती असं ऐकतो.

मी: होत होती. पण १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांचं वेगळं पत्रक असायचं. त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली नुसत्या खुणा. स्त्री, वय ३०, वर्ण काळा. पुरुष, वय ६, वर्ण मिश्र. नावं नाहीतच. १८६० मध्ये एकट्या दक्षिण कॅरोलायनात ४,०२,४०६ माणसं अशी नोंदली गेली. राज्याची एकूण लोकसंख्या होती ७,०३,७०८, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रजेला सरकारदरबारी नाव नव्हतं. स्वतंत्र झाल्यावर या सगळ्यांची नावं पहिल्यांदा आली ती १८७० च्या खानेसुमारीत. वंशावळ शोधणारी कृष्णवर्णीय कुटुंबं १८७० पर्यंत सहज जातात आणि तिथे त्यांना भिंत लागते. भिंतीपलीकडे जायचं तर मालक कोण होता हे आधी शोधावं लागतं, कारण पलीकडचे बहुतेक कागद त्याच्या घरचे आहेत.

काका: आडनावावरून मालक कळत असेल.

मी: नेहमी नाही. स्वातंत्र्यानंतर काहींनी शेवटच्या मालकाचं आडनाव लावलं, काहींनी दोन पिढ्यांमागच्या मालकाचं, काहींनी स्वतः निवडलेलं. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये बचत बँक निघाली होती. ती १८७४ मध्ये बुडाली, कष्टाचे पैसे गेले. पण तिच्या नोंदवह्या राहिल्या. खातं उघडताना विचारायचे, जन्म कुठला, वाढलात कुठे, नवरा-बायको कोण, मुलं कोण, भावंडं कोण. कधीकधी जुन्या मालकाचं नावही यायचं. खातेदाराची ओळख पटावी म्हणून घेतलेली ही माहिती आज पणतवंडांच्या कामाला येते.

काका: आता मुख्य मुद्द्यावर ये. मालकाच्या दफ्तरात त्यांचे कागद आहेत, हे मी मानलं. म्हणून मालकाच्या वंशवृक्षात ते येतात, हे अजून मानलेलं नाही.

मी: मग वाटणीवर बोलू. तो तुमचा प्रांत. या घराण्यातले जॉन बॉल ज्युनिअर १८३४ मध्ये हिवतापाने वारले. वंशवृक्षात ही एका नावापुढची तारीख. मिळकतीची व्यवस्था लावायची होती. २४ फेब्रुवारी १८३५ ची चार्ल्स्टनच्या वर्तमानपत्रातली जाहिरात आहे. कस्टम हाउसच्या उत्तरेला, आज आणि उद्या, सकाळी अकरा वाजता लिलाव. भातशेतीत तरबेज ६०० माणसं. पूर्वी सगळ्यांत मोठा लिलाव म्हणून १८५९ चा सव्हाना इथला सांगितला जायचा, ४३६ माणसांचा. ही ६०० ची जाहिरात चार्ल्स्टनच्याच एका विद्यार्थिनीला जुनी वर्तमानपत्रं चाळताना सापडली. पुढे एका महिला पत्रकाराने ती जॉन बॉलच्या मिळकतीशी जोडून दाखवली आणि २०२३ मध्ये हे जगासमोर आलं. त्यांच्या विधवेने, अ‍ॅन बॉल यांनी, त्यातली २१५ माणसं परत विकत घेतली. बाकीची पांगली.

काका: सहाशे... (थोड्या वेळाने) जमीन का नाही तोडली आधी?

मी: ती जमीन कशी होती ते पाहा. नदीला भरती आली की गोडं पाणी वर चढतं. बांधातल्या लाकडी दारांतून ते शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं.

काका: म्हणजे आपल्या खारजमिनींसारखा बांध-उघाडीचा मामला, फक्त तिथे गोडं पाणी आत घ्यायचं. मग बरोबर. अशा जमिनीत मध्येच नवा बांध घातला तर पाण्याचं गणित बिघडतं. चार भावांत ती सरसनिरस वाटायची म्हणजे दिवाणी दावाच. (थांबून) माणसं मात्र मोजून वाटता येतात.

मी: तशीच वाटत. किंमत लावून सारख्या मोलाचे गट पाडायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. नाहीतर विकून रोकड करायची. काका, म्हणून मी म्हणते, मालकाच्या घरात कुणी गेलं, त्याच्या वंशवृक्षाला चार नव्या फांद्या फुटल्या, की त्याच दिवशी, त्याच वाटणीच्या कागदावर दुसऱ्या घरांच्या फांद्या तुटायच्या. नवरा एका हिश्श्यात, बायको दुसऱ्या हिश्श्यात. हा वृक्ष कधी फुटला हे कळल्याशिवाय तो कधी तुटला हे कळत नाही. एकाच कागदाची एक बाजू छापायची आणि दुसरी कोरी ठेवायची, हे तुम्ही तुमच्या कचेरीत चालवून घेतलं असतं का?

काका: नसतं चालवून घेतलं. अर्धा फेरफार नामंजूरच होतो.

मी: आणि मुली. या घराण्यांत जमीन बहुधा मुलांकडे जायची आणि मुलींना लग्नात माणसं दिली जायची. मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर एखादी बाई, एखादी पोर आपल्या आईला सोडून निघायची. त्या पोरीचा शोध घ्यायचा तर मालकाच्या लेकीचं सासर माहीत पाहिजे. आडनाव चालवणाऱ्या मुलांचीच रेघ ओढणाऱ्या वंशावळीत नेमकी तीच वाट पुसलेली असते.

काका: कायदा काय म्हणत होता? मूल बापाचं धरायचे की आईचं?

मी: मालकाचं मूल बापाचं. गुलाम बाईचं मूल आईचं. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये तसा कायदाच केला, आणि दक्षिण कॅरोलायनाच्या १७४० च्या कायद्यातही तेच आहे. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. इंग्लंडची रीत बापाकडून जायची, ती मुद्दाम फिरवली. त्यामुळे बाप खुद्द मालक असला तरी मूल त्याच्याच मालमत्तेत जमा होई.

काकांचा चेहरा कठोर झाला. ते उठून पाणी पिऊन आले.

काका: आता माझं ऐक. तू म्हणतेस त्यातलं दुःख मला कळतं. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं ते मला दिसत नाही असं समजू नकोस. आणि आपल्याकडे हे नव्हतं असंही मी म्हणणार नाही. पेशवाईच्या दफ्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागद आहेत, मी वाचले आहेत. पण माझ्या दोन शंका आहेत. पहिली, आज जिवंत असलेल्या माणसाला त्याच्या खापरपणजोबाच्या करणीसाठी किती काळ उभं करायचं?

मी: बॉल घराण्यातल्याही काहींनी एडवर्ड बॉलना हेच विचारलं. कशाला उकरून काढतोस म्हणाले. मला वाटतं, पणतूकडे दोष जात नाही. पण पेटी त्याच्याकडे येते. कागद त्याच्या माळ्यावर असतात. ते उघडायचे की वाळवीला द्यायचे हे त्याच्या हातात असतं, आणि त्याचा जाब मात्र त्यालाच द्यावा लागेल. बॉल घराण्याने कागद जपले, संग्रहालयांत आणि विद्यापीठांत दिले, म्हणून प्रिसिलाची साखळी लागली. हे त्यांच्या पदरात घालायलाच हवं.

काका: हे पटलं. दुसरी शंका रक्ताच्या नात्याची. अमक्या मालकापासून आमचा वंश आला, असं घरोघर सांगत असतील. सांगोवांगीवर वंशवृक्षात रेघ ओढायची?

मी: ऐकीव गोष्ट टाकूनही देऊ नये. ग्रिमके घराण्याचं पाहा, तेही चार्ल्स्टनचं. हेन्री ग्रिमके १८५२ मध्ये वारला. नॅन्सी वेस्टन ही गुलाम स्त्री आणि तिच्यापासून झालेली आपलीच मुलं त्याने मृत्युपत्राने आपल्या गोऱ्या मुलाच्या हवाली केली. भाऊ भावाच्या वारशात आले. हेन्रीच्या बहिणी, सॅरा आणि अँजेलिना, गुलामगिरीविरुद्ध लढायला केव्हाच घर सोडून उत्तरेत गेल्या होत्या. १८६८ मध्ये अँजेलिनाने वर्तमानपत्रात लिंकन विद्यापीठातल्या ग्रिमके नावाच्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा उल्लेख वाचला आणि त्याला पत्र टाकलं. तो तिचा सख्खा भाचा निघाला. बहिणींनी भाच्यांना उघडपणे जवळ केलं. त्यातला आर्चिबाल्ड पुढे हार्वर्डमधून कायदा शिकून वकील झाला. ही रेघ एका पत्राने जोडली गेली.

काका: तिथे मृत्युपत्र होतं, पत्र होतं, माणसं हयात होती. जिथे काहीच नसेल तिथे?

मी: तिथे तुमचं बरोबर आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफर्सनचंच घ्या. १९९८ मध्ये त्याच्या चुलत्याच्या पुरुष वंशजांचा गुणसूत्र-नमुना त्याच्या घरच्या गुलाम स्त्रीच्या, सॅली हेमिंग्जच्या, ईस्टन या मुलाच्या वंशजाशी जुळला. त्यावरून बाप जेफर्सन घराण्यातला पुरुष होता एवढं सिद्ध झालं. थॉमस जेफर्सनच, हे म्हणायला तारखा, मुक्काम आणि हेमिंग्ज कुटुंबात चालत आलेली हकीकत जोडावी लागली. सगळं मिळून बहुतेक इतिहासकारांनी ते मान्य केलं.

काका: अगं, मग मी वेगळं काय म्हणतो आहे? पक्की नोंद असेल तिथे सरळ रेघ. शक्यता असेल तिथे तुटक रेघ, आणि खाली कारण. उतावीळपणे चुकीचा बाप चिकटवलास तर नुकसान मालकाच्या घराण्याचं नाही. ज्यांचं आधीच सगळं पुसलंय, त्यांच्याच पदरात पुन्हा एक खोटं नाव पडेल.

हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. मी तसं कबूल केलं.

मी: मग एकाच वृक्षात घ्याल?

काका: नाही. तिथे मी माझ्या मतावर आहे. प्रिसिला बॉल घराण्यातली नव्हे. तिला त्यांच्या वृक्षावर टांगणं म्हणजे पुन्हा त्यांचीच करणं. तिचा वृक्ष वेगळा काढ. ती मूळ स्त्री. तिथून तिच्या दहा मुलांची रेघ ओढ. पण दोन्ही वृक्ष एकाच बासनात ठेव, आणि वाटणीचा प्रत्येक कागद दोन्हीकडे लाव. या वृक्षावर हा मयत, त्या वृक्षावर ही माणसं त्या दिवशी कुठे गेली. एक उघडलं की दुसरं उघडलंच पाहिजे.

मला एकच वृक्ष हवा होता, कारण काही ठिकाणी रक्त खरोखरच एक आहे. त्या ठिकाणी रेघा एकमेकींना भिडल्या पाहिजेत असं मी अजूनही म्हणते. पण प्रिसिलाला मूळ स्त्री म्हणून पहिल्या ओळीवर बसवायचं, हे काकांना सुचलं. मी तिला कुठल्या तरी फांदीवर जागा शोधत होते.

संध्याकाळ झाली होती. काकांनी आपल्या कुलवृत्तान्ताचं मुद्रित पुढे ओढलं. आमच्या पणजोबांच्या चार बहिणी. चौघींच्या नावांपुढे एकच शब्द छापलेला होता, ‘विवाहित’. त्यांनी तो चारही ठिकाणी खोडला. मग फोन उचलून आत्याला लावला आणि विचारलं, “थोरलीला कुठल्या गावी दिली होती गं?”